दोरीवरची झबली

हॅरल्डने मला फसवलं. माणसं नसलेल्या गावातलं किराणा दुकान त्याने मला विकलं.

काल इथे ईडन प्रेरीत, माझ्या मुलीने तिच्या घराच्या अंगणात चादरी वाळत घातल्या. उन्हाने तापलेल्या कापडाचा वास आला आणि मी ओरडलो, "काढ त्या आधी!" ती हसली. "बाबा, इट्स जस्ट लॉन्ड्री!"

ऐंशीच्या दशकात, साउथ डकोटाच्या माळावरच्या एका वस्तीत मी बायकोसह ते दुकान बघायला गेलो होतो. प्रत्येक घरामागे दोरीवर कपडे फडफडत होते. फ्रॉक, झबली, दुपटी. मी धंद्यातला माणूस. दुपटी बघूनच दुधाचा खप धरला, भरपूर घासाघीस केली आणि सही ठोकून मोकळा झालो.

परतताना बायकोने एक झबलं चाचपलं. "अहो, हे कधीचं वाळलंय. कागदासारखं कडक झालंय." चिमटे गंजून दोरीलाच चिकटले होते.

"माणसं कुठायत?" मी हॅरल्डची कॉलर धरली.

"रेल्वे बंद झाली, तशी एकेक घर करून गेली," तो शांतपणे म्हणाला. "मी एकटाच उरलोय. कपडे असले की गाव भरलेलं वाटतं."

ती फसवणूक आता मी गिळलीही असती. पण सही करण्याआधी समोरच्या खिडकीतून एका बाईने माझ्या बायकोला हात केला होता. मीही पाहिली तिला. आज हॅरल्ड नाही, बायकोही नाही. त्याच्या वारसांपैकी कोणी हे वाचत असेल, तर मला उत्तर द्या, ती कोण होती?