ओळंब्याचं घर बघणं

तर ओळंबा त्या दुसऱ्या घराच्या उंबऱ्यावरच थांबला, इथपर्यंत काल आलो होतो. आत पाऊल टाकेना. एजंट म्हणाला, "काका, या ना आत." हा म्हणतो, "आधी तुम्ही जरा तिथे उड्या मारून दाखवा." एजंट बिचारा टाय सावरत दोन उड्या मारून मोकळा झाला. वरून मूठभर माती पडली, आणि ओळंबा, त्याची बायको नि मी तिथूनच परत फिरलो.

ओळंबा म्हणजे माझा साडू. आईबापांनी ठेवलेलं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवावं लागतं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, आणि भिंत सरळ आहे का ते बघायचा दोरीचा ओळंबा कायम खिशात. लग्नाच्या जेवणावळीतसुद्धा हा मांडवाच्या खांबाला ओळंबा लावून मग पाटावर बसायचा. गिलाव्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. म्हणूनच जुन्या शहरात घर विकायला काढलं की मालक आधी याला गाठायचे. दोन दिवसांत हा सगळ्या भेगा बुजवून भिंत अशी गुळगुळीत करायचा की माशी घसरावी. आणि आता स्वतःवर घर घ्यायची वेळ आली, तर याला गुळगुळीत भिंतीचीच धडकी भरे.

घर तर हवंच होतं. भाड्याची खोली महिनाअखेर सोडायची होती आणि त्याच्या बायकोचे गुडघे म्हणत होते की आता पुन्हा सामान हलवणं नको. म्हणून मला बरोबर घेऊन दोघं वेशीच्या आतले मोहल्ले धुंडाळत होते. गल्लीतून हा चालायचा बरोबर मधोमध. मागून गाडीवाला शिव्या घालतोय, हा बाजूला होईल तर शपथ. "त्या सज्ज्याखालून जाऊ नका," मला म्हणायचा, "त्याची तुळई कुजली आहे." "तुला कसं ठाऊक?" "तिला रंग मीच दिलाय." मी हसायचो. त्याचा हात मात्र माझ्या दंडाला घट्ट.

तिसरं घर मात्र बायकोला बघताक्षणी भावलं. तळमजल्यावरच स्वयंपाकघर, पाणी आत, खिडकीतून ऊन. वरच्या खोलीत एक भाडेकरू बाई दोन मुलांसह राहत होती. ती महिनाभरात जाणार होती. एजंटानं भिंतीवर प्रेमानं थाप मारली. "असा गिलावा आता कुणी करत नाही, काकू."

"अहो, बघताय ना?" बायको म्हणाली. "आता नाही म्हणू नका."

 ओळंबा भिंतीला गाल टेकवून उन्हाच्या तिरिपेत बघत होता. मग बोटाच्या पेरानं ठोकलं. खाली टणक आवाज. कमरेच्या वर बद्द. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"काय रे?" मी विचारलं.

"फराटे उलटे आहेत."

मला उमगलं. हा डावखुरा. याची थापी उजवीकडून डावीकडे फिरते. शहरात दुसऱ्या कुणाची फिरत नाही. पंधरा वर्षांपूर्वी मागच्या गल्लीच्या दारानं इथे येऊन गेला होता. ते दार आता बुजवलेलं, म्हणून घर ओळखू आलं नव्हतं.

"हात जाईल एवढी भेग होती," तो हळू म्हणाला. "मालकाला सांगितलं होतं, भिंत उतरवा. तो म्हणाला, आधी झाक, मग बघू. मी झाकली."

एजंट हसला. "काका, नसेल घ्यायचं तर राहू द्या. पण दुसऱ्याचं गिऱ्हाईक मोडू नका."

ओळंब्यानं पिशवीतून हातोडी काढली. एजंट हां हां म्हणेपर्यंत दोन घाव घातले. गिलाव्याचा ताटाएवढा पापुद्रा खाली आला, आणि आत काळी भेग, वर छतापर्यंत गेलेली. त्यानं हात घातला तो कोपरापर्यंत गेला. पूर्वी फक्त मनगटापर्यंत जायचा, असं नंतर म्हणाला. वरच्या खोलीत मुलं पळाली, तशी भेगेतून बारीक वाळू गळायला लागली. आम्ही चौघंही तिच्याकडे बघत राहिलो. एजंटाचंही हसू गेलं.

ओळंबा जिन्याच्या पायथ्याशी गेला. आवाज चढवला नाही त्यानं, चढवायचीही त्याला भीती वाटत असावी. "ताई, मुलांना घेऊन खाली या. पळू नका. एकेक करून या. सामान राहू द्या."

वर कुणीतरी "का हो?" म्हणालं. मग पावलं थांबली.

बायकोचा धीर तेव्हा सुटला. भिंतीला पाठ टेकून डोळ्यांना पदर लावत ती म्हणाली, "आणि महिनाअखेर आपण जायचं कुठे? सांगा ना. एकही भिंत तुम्हाला चालत नाही."

ओळंब्याची नजर जिन्यावरून हलली नाही. म्हणाला,

"बघू गं. आधी ही पोरं खाली येऊ देत. आणि तू अशी भिंतीला टेकून उभी राहू नकोस."