मुक्या सेटसमोर जयरीबाई

परवा दंतमंजनाची नवी डबी उघडली. लवंग-कापराचा वास आला आणि पन्नासच्या दशकातलं धानोऱ्याचं आमचं अंगण समोर उभं राहिलं.

आमच्या ह्यांना वायरलेसचा नाद. एका ठेकेदाराचा टाकाऊ सेट त्यांनी आणला होता. तो हौशी वायरलेसवाल्यांच्या रेडिओलहरीवर आणायचा म्हणजे आतली स्फटिकाची नखाएवढी चकती काचेवर दंतमंजन टाकून घासायची. थोडी घासली की लहर सरकते, जास्त घासली की सेट कायमचा मुका. ह्यांनी मोठ्या हौसेने शेजारपाजार जमवला आणि सगळ्यांसमोर ती जरा जास्तच घासली. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून मला कळलं. लोकांना कळलं नाही, आणि ह्यांनी सांगितलं नाही.

तेवढ्यात मोहफुलं आणून देणारी जयरीबाई पुढे आली. तिचा मुलगा आसामच्या चहामळ्यात गेला होता.

"भाऊ, माह्या पोराशी बोलू दे ना."

ह्यांनी खाली बघत माईक तिच्या हातात दिला. मीही गप्पच राहिले. ती गोंडीत भरभरून बोलली, मध्येच हसली, मग उत्तरासाठी थांबली. बराच वेळ थांबली.

शेवटी माझ्याकडे वळून ओशाळत म्हणाली, "बाई, या डब्याले गोंडी समजत नसन. मराठीत सांगू का?"

 तिने पुन्हा माईक तोंडाशी धरला.

"घरी ये बाबू. तुह्या बापाले आता दिसत नाई."

या वेळी आम्हा सगळ्यांना ते समजलं.