जावयासाठी वकील

कारध्याच्या देवकाबाईला वकील हवा होता, आणि तोही तिच्या मुलीच्या खुनाबद्दल जन्मठेप भोगणाऱ्या जावयासाठी. भंडाऱ्याच्या कोर्टाबाहेर पहिल्या वकिलाला तिनं हे सांगितलं, तेव्हा त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाला, "बाई, घरी जा. दुःखात माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही."

डोकं ठिकाणावर होतं. थोरली मुलगी तुळसा साकोलीकडच्या एका गावी दिली होती. सत्त्याहत्तर सालच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, नवरा घनश्याम तिच्यावर चारचौघांत ओरडला, हातही उगारला. दुसऱ्या दिवशी दोघं धान पाहायला गेली. बांधाजवळच्या लहानशा तळ्यावर, बोडीवर, तुळसा पाय धुवायला थांबली. घनश्याम परत आला तर ती पाण्यात पालथी, कपाळाला खोक. गावानं आदल्या दिवशीचं भांडण आठवलं आणि पोलिसांनी घनश्यामला नेलं.

तुळसाला लहानपणापासून मिरगी, म्हणजे फेफरं, होती. झटका आला की घरातली दारं लागायची, कांदा फोडून नाकाशी धरायचा, आणि पोरगी शुद्धीवर आली की कोणी काही बोलायचं नाही. सोयरीक जुळवतानाही बोललं नाही. घनश्यामनं लग्नानंतर तिला एकदा चुलीपाशी थरथरत पडलेलं पाहिलं होतं. त्यावरून त्याच्या वकिलानं कोर्टात तिच्या बापाला, श्यामरावला, विचारलं, "मुलीला काही आजार होता?"

"नाही साहेब. माही पोरगी धडधाकट होती," श्यामराव म्हणाला.

देवकाबाई मागच्या बाकावर पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. तिला कोणी साक्षीला बोलावलं नव्हतं. जन्मठेप झाली.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "खोटं कायले बोलले?"

"त्यानंच मारलं तिले," श्यामराव म्हणाला. "आन तुले मिरगीची दवंडी पिटाची आहे काय? रत्नाची सोयरीक ठरली आहे. तिले मंग कोण करन?"

रत्ना धाकटी. देवकाबाईनं विषय सोडला. पण जेवायला बसून भाताकडं पाहिलं की तुरुंगातलं ताट डोळ्यांपुढं यायचं.

वांगी विकायच्या निमित्तानं ती वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्याला जाऊ लागली. टोपली रिकामी झाली की कोर्टाकडं वळायची. दुसऱ्या वकिलानं सगळं ऐकून घेतलं आणि त्याच आठवड्यात श्यामरावच्या कानावर घातलं. श्यामरावनं हात उचलला नाही. एवढंच म्हणाला, "पुन्हा त्या कामानं पूल ओलांडला तर घरी येऊ नोको." ती पुन्हा गेली. परतल्यावर दार उघडं सापडलं, पण तेव्हापासून नवऱ्यानं तिच्याशी बोलणं टाकलं. तिसरा वकील साकोलीचा, जमिनीचे खटले चालवणारा. त्यानं निदान बसायला सांगितलं. "अपिलाची मुदत गेली, बाई. जावयाच्या घरी पाहणारं कोणी नव्हतं काय?"

"एक म्हातारी माय होती. गेली बिचारी."

"मग नागपूर गाठा. तिथंच काही झालं तर होईल."

नागपुरात ती किती जिने चढली, ते तिचं तिलाच ठाऊक. कुठं कारकुनानं दारातूनच परतवलं, कुठं मयताची आई म्हटल्यावर वकीलच उठून आत गेला. संध्याकाळची बस धरायची तर पोट रिकामं ठेवून धावायचं. एकदा बसस्टँडवर बसल्या बसल्या तिला वाटलं, आता पुरे. पोरगी गेली, जावई गेला, आपण कोणाशी भांडतोय?

शेवटी कोणीतरी भैय्याजींचं नाव सांगितलं. फौजदारी खटल्यांत हयात घालवलेला म्हातारा वकील, पण कानानं अधू. देवकाबाई हळू बोलली, त्यांना ऐकू गेलं नाही. आणखी जोरात सांगा, म्हणाले. खोली पक्षकारांनी भरलेली. वीस वर्षं जे दारं लावून दाबलं होतं, ते तिला त्या भरल्या खोलीत ओरडून सांगावं लागलं.

"माया पोरीले मिरगी होती. आमी लपवलं."

भैय्याजींनी कोरा कागद पुढं ओढला. "उशीर माफ करायला कोर्टाला विनवू. पण घनश्यामची सही लागेल. आणि नवरा खोटं बोलला, हे तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल. जमेल?"

"जमवाच लागन."

नागपूरच्या तुरुंगात घनश्याम आधी भेटायलाच येईना. सासू शिव्याशाप द्यायला आली असेल, असं त्याला वाटलं. दुसऱ्या खेपेला आला. केस पिकायला लागले होते. तिचं सगळं ऐकून त्यानं जाळी धरली. सासूला तो मामीच म्हणायचा.

"मामी, तवा काहून नाही बोलल्या?"

तिनं कागद जाळीतून पुढं सरकवला. त्यानं सही केली.

तिचं शपथेवरचं म्हणणं कोर्टात गेलं आणि महिन्याभरात रत्नाची सोयरीक मोडली. रत्नानं आईकडं पाठ केली. एका चुलीवर दोघी रांधत, पण शब्द नाही. अशी वर्षं गेली. मग हायकोर्टानं हुकूम दिला, की मिरगीबद्दलचा पुरावा भंडाऱ्याच्या कोर्टानं घ्यावा. भैय्याजींनी निरोप धाडला, एकट्या आईचा शब्द कमी पडेल, आणखी कोणी आणा.

शेजारच्या मंगलाबाईनं झटके पाहिले होते. देवकाबाईनं तिचे पाय धरले. "मले सोड," मंगलाबाई म्हणाली. "तुया रत्नाचं काय झालं ते पायलं मी. माह्याही घरी पोरी आहेत."

तारखेला देवकाबाई एकटीच पूल ओलांडून गेली. साक्ष दिली. सरकारी वकिलानं तिला उलटसुलट विचारून रडवलं. ती खाली उतरली तेव्हा दारात रत्ना उभी होती.

"मले सांगाचं आहे," रत्ना म्हणाली.

पिंजऱ्यात उभी राहून ती सांगू लागली. आम्ही एका अंथरुणात झोपायचो. ताईचे दात बसायचे, मी लाकडी चमचा घालायची. एकदा नदीवर धुणं धुताना ती पाण्यातच पडली, मी केसांना धरून ओढली. सरकारी वकिलानं विचारलं, "तुझा बाप खोटं बोलला, असं तुझं म्हणणं?"

"माह्यासाठी बोलला तो," रत्ना म्हणाली. "मले हे असं नोको होतं."

त्र्याऐंशी साली हायकोर्टानं संशयाचा फायदा देऊन घनश्यामला सोडलं. मायलेकी त्याला आणायला नागपूरला गेल्या. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. वैनगंगेचा पूल ओलांडून बस कारध्याला थांबली तेव्हा देवकाबाई म्हणाली, "उतर बाप्पा. दोन घास खाऊन जाजो."

"मामाजी घरी असतीन. नाही, मामी," तो म्हणाला, आणि तसाच साकोलीकडं गेला.

घरी श्यामराव खाटेवर बसला होता. इतक्या वर्षांनी त्यानं तोंड उघडलं.

"सुटला काय?"

"सुटला."

तो उठून गोठ्याकडं गेला. त्या दिवशी जेवायला आला नाही. रत्नानं त्याचं ताट झाकून ठेवलं.