दवाखान्यात न सांगितलेली माणसं

कराडच्या एका कॉलेजात मी गेली अठरा वर्षं संख्याशास्त्र शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जी चूक केली, ती एखाद्या न शिकलेल्या बाईने केली असती तर तिला कुणीही समजून घेतलं असतं. मला ती सवलत नाही.

माझा धाकटा भाऊ फौजेत होता. सुट्टीवर आला होता, पलूसजवळ आमच्या गावी, आईकडे. कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता. दिवस मावळताना मोटारसायकलवरून येत असताना तो रस्त्यात उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीवर जाऊन आदळला. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नव्हता आणि याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सांगलीच्या एका दवाखान्यात डोक्याचं ऑपरेशन झालं आणि तो व्हेंटिलेटरवर गेला. वडील आधीच गेलेले, त्याचं लग्न अजून ठरायचं होतं. म्हणजे काही ठरवायचं तर आम्ही दोघीच, आई आणि मी. त्यातही आईने पहिल्याच दिवशी अंग काढून घेतलं. म्हणाली, "तुला आकडं कळत्यात. तू म्हनशील तसं."

आठव्या दिवशी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. तरुण होते, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या वयाचे. मी काय शिकवते हे त्यांना कळलं होतं, म्हणून असेल, त्यांनी केसपेपरच्या पाठीवर पेनने एक रेघ काढली. सुरुवातीला उंच टेकाड, मग उजवीकडे उतरत गेलेली, पुढे जमिनीला टेकेल टेकेल म्हणता लांबच लांब गेलेली.

"अशा मारातून जे शुद्धीवर येतात, त्यांच्यातले बहुतेक पहिल्या काही दिवसांतच येतात. पुढे पुढे कमी होत जातात."

"पण ही शेपटी शून्याला टेकलेली नाही ना?"

"नाही. पण मॅडम..."

"म्हणजे शेपटीत माणसं असतात."

"असतात," ते म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, घरी न्यायचं असेल तर विचार करा, अॅम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजनची सोय आम्ही करून देऊ.

घरी न्यायचं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. जीव जायचाच असेल तर तो आपल्या उंबऱ्याच्या आत, आपल्या माणसांत जावा. मी बाहेर येऊन आईला सांगितलं तशी ती उठली आणि पिशवीत तांब्या-वाटी भरायला लागली. "चल मग, न्हेऊया त्येला." मला तिचा इतका संताप आला की मी सगळ्यांदेखत ओरडले, "आई, तो अजून जिवंत आहे!" तिने पिशवी ठेवली आणि परत सतरंजीवर बसली. मला फक्त 'असतात' एवढंच ऐकू आलं होतं.

दवाखान्यात आपलं माणूस असलं की आमच्याकडे गाव लोटतं. जीप भरून येतात. कुणी शहाळं आणतं, कुणी भाकरीचा डबा, आणि प्रत्येकाजवळ एक गोष्ट असते. पाटणचा कुणी दरीत पडलेला, पंधराव्या दिवशी डोळे उघडले. कुणाचा साडू, आता ट्रॅक्टर चालवतो. आईचे एक चुलतभाऊ, रिटायर्ड हवालदार, आम्ही त्यांना मामा म्हणतो, ते तर दर दोन दिवसांनी यायचे. त्यांच्या पलटणीतला एक जवान महिनाभर बेशुद्ध होता आणि एकतिसाव्या दिवशी म्हणाला, चहा मिळंल का. "लय चिवट असतं बघ फौजीचं हाड," मामा म्हणायचे आणि काचेतून आत बघत उभे राहायचे.

मी वही काढली. गाव, वय, मार कसा, कितव्या दिवशी शुद्ध. येणाऱ्या प्रत्येकाला खोदून खोदून विचारायचे. आकडे आले की हात चालायला लागतात, आणि हात चालले की रडू येत नाही. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी आलेख काढला. टिंबं डॉक्टरांच्या टेकाडावर नव्हतीच, सगळी शेपटीकडे होती. वहीत अकरा माणसं होती आणि अकराच्या अकरा आपल्या पायांनी घरी गेली होती. याचा मला संशय यायला हवा होता. मला आनंद झाला.

आई रोज सकाळी एकदाच विचारायची, "न्यायाचं का गं आज?" मी म्हणायचे, अजून नाही. पुढे पुढे ती नुसतं माझ्या तोंडाकडे बघायची. आयसीयूमध्ये दिवसातून दहा मिनिटं, एकीलाच सोडायचे. ती आत जायची, त्याच्या तळपायाला हात लावायची आणि वेळ संपायच्या आधीच बाहेर यायची.

तेविसाव्या दिवशी दुपारी तो गेला. भेटायची वेळ नव्हती. आम्ही बाहेर बाकावर होतो, आतली धावपळ काचेतून दिसत होती आणि शिपाई आम्हाला हाताने मागे सारत होता. सगळं संपल्यावर बोलावलं. तोपर्यंत नळ्या काढून झाल्या होत्या आणि चेहऱ्यावर चिकटपट्टीचे वळ उठले होते.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं आणि माणसं दुखवट्याला यायला लागली. तीच माणसं, त्याच जीपमधून. अंगणात बसायची, तंबाखू मळायची, आणि पुन्हा प्रत्येकाजवळ एक गोष्ट. पण आता दुसरी. "आमचा बी असाच गेला की." "माज्या भावजयीला धा दिस ठिवली, हाती काय आलं?" ज्या बाईने साडूची गोष्ट सांगितली होती, तिचा स्वतःचा जावई डोक्याच्या मारानेच गेला होता. मी दाराच्या आड उभी राहून ऐकत होते. वही भरून वाहील इतकी माणसं त्या अंगणात मिळाली.

शेवटी मामा बोलले. त्यांचा सख्खा मुलगा. सांगलीत, त्याच दवाखान्यात, त्याच काचेच्या आत. मुलगा गेल्याचं मला माहीत होतं, पण कसा आणि कुठे ते आमच्यात कुणी कधी काढलं नव्हतं.

मी बाहेर आले. सगळ्यांसमोर विचारलं, "मामा, तेव्हा का नाही सांगितलंत?"

मामा म्हणाले, "आगं, दवाखान्यात मेल्याली मानसं कुनी सांगतं व्हय?"

त्यांचं काय चुकलं? आजाऱ्याच्या उशाशी वाईट बोलू नये, हे मलाही लहानपणापासून ठाऊक आहे. मी दरवर्षी वर्गात विचारते, फौजेत भरती झालेल्या मुलांना विचारून भरती किती सोपी ते ठरवता येईल का? शेवटच्या बाकावरची पोरंही हसतात. "मॅडम, नापास हून घरी परत आल्याली त्यात कुठं हायत!" आणि डॉक्टर तरी काय म्हणाले होते? जे शुद्धीवर येतात, त्यांच्यातले. जे येत नाहीत ते त्या रेघेवर कुठेच नव्हते, ना टेकाडावर, ना शेपटीत. इतकं सरळ वाक्य होतं. मला ते ऐकायचंच नव्हतं, म्हणून मी संख्याशास्त्राला कामाला लावलं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी घर जरा रिकामं झालं. आई चुलीपुढे बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "आई, मी चुकले. डॉक्टर म्हणाले तेव्हाच न्यायला हवं होतं."

"चुकलीस न्हाईस. तुला भाऊ पायजे हुता." तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. "मला बी पायजे हुता. पर त्यो न्हाई ऱ्हात, हे मला त्येच्या पायाला हात लावला तवाच कळलं हुतं. मला नुसतं त्येच्या तोंडात घोटभर पानी घालायचं हुतं. माज्या हातानं. त्येवढं ऱ्हायलं."

मी तिच्याकडे वर मान करून बघू शकले नाही. कारण तेव्हाही, सगळं कळून चुकल्यावरही, माझ्या मनात एकच चाललं होतं: त्याला अजून आठ दिवस मिळाले असते, मामांच्या जवानासारखा एकतिसावा दिवस उजाडला असता तर.