शालनचं तिरकं टेबल

शालन गेल्याचं मला नर्सनं सांगितलं. मी वॉर्डाबाहेर बाकड्यावर चहा पीत होतो. ती म्हणाली, "आजोबा, चहा खाली ठेवा आधी." तेवढ्यावरूनच समजलो. चिंचवडच्या चाळीत परत आलो तर भिंतीवरच्या चित्रात तिनं रंगवलेलं टेबल… तसंच तिरकं.

शालन, माझी बायको, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. मी चौथी शिकलेला, पिंपरीला कंपनीत फिटर. एकदा तिनं मला पुण्याच्या संग्रहालयात नेलं. फ्रान्समधल्या एका जुन्या चित्रकारावर व्याख्यान होतं, पडद्यावर त्याची चित्रं दाखवत होते. नाव काही माझ्या तोंडात बसलं नाही. सफरचंदंच सफरचंदं. व्याख्याते म्हणाले, हा माणूस एका जागेवरून बघत नसे. थोडं बसून बघे, थोडं उभं राहून, आणि सगळं एकाच चित्रात घाली. पुढच्यांनी त्यातूनच नवी चित्रकला काढली, वस्तूच्या चारी बाजू एकदम दाखवल्या. येताना बसमध्ये मी म्हणालो, "आमच्या कंपनीच्या ड्रॉइंगमधी वरून एक आन समोरून एक, येगळं काढत्यात. ह्यानं एकातच कोंबलं. असला जॉब इन्स्पेक्शनला पास न्हाई व्हायचा." ती म्हणाली, "तुमचा इन्स्पेक्टर तिथं नव्हता, म्हणून तर तो मोठा झाला." पुढच्या सीटवरचा माणूससुद्धा हसला.

मग तिनं आमचं टेबल रंगवायला घेतलं. खोक्याच्या फळ्यांचं, मीच ठोकलेलं. वर तांब्या, बशीत पेरू, सफरचंदं कोण आणतंय, आणि माझा चहाचा कप. चित्रात टेबल एका अंगाला उतरलेलं. मला वाटलं पाय झिजला. कंपनीतली लेव्हल, सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी, आणून टेबलावर ठेवली, तर बुडबुडा बरोबर मधे. ती पदर तोंडाला लावून हसली. "अहो, टेबल सरळच आहे. मी हलले."

ती गेल्यावर मुलगा म्हणाला, थेरगावला माझ्याकडं चला. खोली सोडायची, टेबल मोडीत द्यायचं. त्याचं काही चुकत नव्हतं. पण ती ह्या खोलीत कुठंतरी आहे असं मला सारखं वाटायचं, आणि कुठं ते सापडत नव्हतं. सापडल्याशिवाय खोली सोडायची कशी? एका दुपारी तांब्या, बशी, कप चित्रातल्यासारखं मांडलं आणि बघत फिरलो. स्टोव्हजवळच्या तिच्या स्टुलावर बसलो तेव्हा तांब्या जुळला. बशी जुळली ती दाराशी उभं राहून, गुडघ्यात वाकल्यावर. मी तिच्यापेक्षा उंच. तिचे डोळे नेमके इथं होते. कपाचा कान मात्र कुठूनच दिसेना. दमून माझ्या खुर्चीत टेकलो, तर दिसला. म्हणजे मी सेकंड शिफ्टला गेलो की ती इथं बसायची. इथून समोर काय दिसतं? तिचं स्टूल, रिकामं. आज मी जे बघतो, ते तिनं तेव्हाच बघून ठेवलं होतं.

रविवारी मुलगा टेम्पो घेऊन आला. तांब्या, बशी, कप अजून तसेच मांडलेले; तो दोरी घेऊन टेबलाकडं निघाला. मी म्हणालो, "आधी दाराशी उभा रा. बशीकडं बघ."

"बाबा, टेम्पोवाला खाली थांबलाय."

"थांबू दे की. त्याची काय म्हैस व्यायला टेकलीय?"

तो उभा राहिला. त्याला वाकावं लागलं नाही, उंची आईची घेतलीय. त्यानं चित्राकडं पाहिलं, बशीकडं पाहिलं, परत चित्राकडं. दोरी हातातच राहिली. मी खुर्चीतून बघत होतो. तिच्या जागी, तिच्या उंचीचं कुणीतरी मान कलती करून उभं होतं… खाली हॉर्न वाजला, त्यानं दोरी गुंडाळून ठेवली.

टेम्पो रिकामा गेला. मुलगा आता दर रविवारी येतो, दाराशी थांबून चपला काढतो. तेवढा वेळ मी त्याच्या तोंडाकडं बघत नाही. नुसत्या उंचीकडं बघतो.