दीडशे शब्दात बसवलेली पोर

त्या दिशी नवी पेठेतल्या क्लासच्या खोलीत आमी चौगं हुतो. क्लासचे सर, माझा ल्योक, माझी नात अन् मी. सून आली न्हाई, तिला टावेलच्या कारखान्यातनं सुट्टी मिळाली न्हाई.

नातीला बारावीला चांगलं मार्क पडलं हुतं. पुन्याकडं एक मोटं कालेज हाय, तितं निवडली तर शिकनं, ऱ्हानं, खानं समदं फुकट. न्हाई निवडली तर कारखान्यात आईच्या शेजारी बसून टावेलाच्या घड्या घालायच्या. माझ्या ल्योकानं तिला तसं सांगूनच आनली हुती.

फारमात तीन सवाल हुते. दोन तिनं घरीच लिवले. तिसरा असा, की तुमच्या आयुष्यात लई मोटं दुःख काय झालं अन् त्यातनं काय शिकला, दीडशे शब्दात लिवा. हे असलं लिवून घ्यायचंच काम ते सर करायचे. तेंच्याकडची पोरं निवडली जात्यात, असं समदी म्हनायची.

नातीनं लिवलं हुतं की अकरावीला समदं इंग्रजीत झालं तवा ती फिजिक्सला नापास झाली, मग एकटीच बसून शिकली अन् पास झाली. सरांनी वाचलं अन् हसले.

"अगं, नापास तर अर्धं सोलापूर होतंय. ह्याला काय दुःख म्हणायचं?" मग खुर्ची माज्याकडं फिरवली. "आज्जी, तुमच्या घरात कोण कोण वारलं?"

"लई जन वारले की."

"अवेळी कोण गेलं?"

"मालक गेले. दारूनं."

"दारू नको. प्रत्येक फॉर्मात दारू असते."

"दीर गेला. अंगावर ईज पडली."

"वीज चांगली आहे," सर म्हनले. "पण दीर म्हणजे हिला लांबचा पडला. जवळचं कुणी?"

तवा माझा ल्योक म्हनला, "आये, आक्काचं सांग की."

आक्का म्हंजे माझी थोरली लेक, तेची भन. तिचं आमी कुनी कदी बोलत न्हवतो. नातीनं मान खाली घातली. मी तिच्याकडं बगितलं अन् सांगितलं.

तवा आमी मेंढरं घेऊन फिरायचो. मोहोळकडं एका शेतात खतासाटी मेंढरं बसवली हुती. पोरीला ताप आला. अंग भाजायचं, मग झटकं आलं. शेतमालकाच्या दारात ट्रॅक्टर हुता, म्हनला, ड्रायव्हर न्हाई. मी तिला खांद्यावर टाकून सडकंला आले. सडकंलाच गेली. बाभळीखाली खड्डा केला, माझ्या घोंगड्यात गुंडाळली अन् ठिवली. माती लोटली. शेतमालकाला नांगरट करायची हुती, तेनं दुपारच्या आत मेंढरं हलवा म्हनून सांगितलं. हलवली.

सरांची बोटं कम्पुटरवर टकाटका चालली हुती. "तुम्ही खूप रडला असाल."

"मेंढरं हाकायची हुती."

"बरं. पण आपण रडला असं लिहू. आणि आत्या म्हटलं की लांबचं वाटतं. बहीण करू. धाकटी."

नात म्हनली, "सर, मला भन न्हाई."

"आता आहे," सर म्हनले.

माझा ल्योक हसला. सरांनी चहा मागवला.

आमच्यात एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं, की तेचं कातडं काडून दुसऱ्या पोरक्या कोकराच्या पाटीवर बांदत्यात. मेंढी हुंगती. वास आपलाच हाय म्हनून आचळाला लावून घेती. मी हे हातानं केलंया. तितं बसल्या बसल्या मला तेच दिसलं. म्हनलं, बांदू दे. माजी पोर तर गेलीच हाय, हिला तरी दूद मिळंल.

कागद पसंत पडला. मग फुडं कालेजवाले म्हनले, कम्पुटरवर समोरासमोर बोलायचं हाय. सरांनी नातीला बोलायचं शिकीवलं. जुना ड्रेस घालायचा, केसाला तेल लावायचं. "बाभळीपाशी आलीस की थांब. पाणी पी. मग घोंगडं." चुकली की पयल्यापासनं. एकदा तिला खरंच रडू आलं, तर सर म्हनले, "आत्ता नको, वाया जाईल."

त्या दिशी बी आमी तेच चौगं. मला अन् ल्योकाला भिंतीकडंला बसवलं, तिकडच्यांना दिसू नये म्हनून. पडद्यावर एक बाई अन् एक साहेब हुते. नात इंग्रजीत बोलली. बाभळीपाशी थांबली, पानी प्याली. बाईनं चष्मा काडून डोळं पुसलं. सरांनी आमाला अंगठा वर करून दाखीवला.

मग बाई मराठीत म्हनली, लई मायेनं म्हनली, "बाळा, तुझ्या बहिणीचं नाव काय होतं गं?"

नातीनं नाव सांगितलं.

बाई म्हनली, "अगं, हे तर तुझं नाव. बहिणीचं काय?"

आमच्यात गेलेल्या लेकराचं नाव फुडं जलमलेल्या लेकराला ठिवत्यात. नात झाली तवा मीच तिच्या कानात ते नाव सांगितलं हुतं. माज्या मेलेल्या पोरीचं तेच नाव. घरात तिला दुसरं नाव कदी हुतंच न्हाई. सरांनी समदं इचारलं हुतं, ताप किती, खड्डा कुटं, घोंगडं काळं का पांढरं. नाव इचारलं न्हवतं.

सर पडद्यामागनं हात हलवायला लागले, व्हटांनीच एक एक नाव सांगायला लागले. कुटलं बी घे म्हनून. नातीनं माज्याकडं बगितलं. मग म्हनली, "ती माजी भन न्हाई. आज्जीची पोर हाय."

बाईनं चष्मा घातला. थँक्यू म्हनली. पडदा काळा झाला.

"एक नाव सुचेना तुला?" सर वरडले. "जगात नावं संपली का? हिच्यासाठी मी उन्हातान्हात घसा फोडला!"

माझ्या ल्योकानं तितंच, सरांच्या म्होरं, तिच्या तोंडात मारली. सर म्हनले, "खाली नेऊन मारा, इथं दुसऱ्या पोरी यायच्यात." खरंच दारात एक पोरगी तेल लावून हुबी हुती.

खाली रिक्षात बसल्यावर नात म्हनली, "आज्जी, दुसरं नाव तोंडात आलंच न्हाई गं." मी तिचं तोंड पदरानं पुसलं.

कालेजनं न्हाई म्हनून कळीवलं. नात आता कारखान्यात आईच्या शेजारी टावेलाच्या घड्या घालती. बाप तिच्याशी बोलत न्हाई. पुस्तकं तिनं माज्या पेटीत ठिवल्यात.

फुडल्या साली शेजारची पोरगी त्याच सरांकडं गेली. घरातल्या म्हाताऱ्या मानसाम्होरं वाचून सवय करा, म्हनून सरांनी सांगितलं हुतं. तिच्यात म्हातारं कुनी न्हाई, म्हनून माज्याकडं आली. ह्या बारीला मराठीत वाचलं. तिचा धाकटा भाऊ तापानं गेला. दुधनीच्या सडकंला. बाभळीखाली ठिवला, घोंगड्यात गुंडाळून. घोंगडं काळं.

मी तिला इचारलं, "भावाचं नाव?"

तिनं पटकन सांगितलं. सरांनी पाट करून घेतलं हुतं. त्या पोरीला भाऊ कदी न्हवता, मी तिच्या जलमापासनं शेजारी हाय. ती निवडली गेली. आई घरोघरी पेडं वाटत आली, माज्या हातावर ठिवला. मी खाल्ला. नातीनं बी खाल्ला.

हे वाचनाऱ्यात पोरांचे असले कागद तपासनारं कुनी असंल, तर एवडंच मागते. काळ्या घोंगड्यात गुंडाळून बाभळीखाली ठिवलेलं लेकरू कुटं वाचाय मिळालं, तर ते माजं हाय. लिवनाऱ्या पोरीला तेच्यासाटी हाकलू नका, अन् तेच्यासाटी घेऊ बी नका. तिला काय येतंय, तेवडं इचारा.