चोवीस दातांचं ब्लेड

बोर्लीजवळच्या त्या गावात मुआजच्या शेडमधलं करवतीचं मशीन सुरू व्हायच्या आधी त्याची आई, फिरोजा, आत जाते. हातात घासून अर्धी झालेली सुरी. फळी उजेडाकडे धरते, पालथी करते, रंग खरवडते आणि मग लेकाला मानेनं खूण करते. फिरोजा बी.ए. झालेली आहे. नवरा करमअली कुवेतला, घरात हे दोघंच. सुतारकाम शिकलात का, असं कुणी विचारलं तर म्हणते, नाही, मी फक्त रंग काढते.

मुआज कतारमध्ये फर्निचरच्या कारखान्यात होता. परत आल्यावर त्यानं मोडीत निघालेल्या होड्यांचं सागवान घ्यायला सुरुवात केली. त्याची टेबलं दिवेआगरच्या होमस्टेवाल्यांना आवडतात. जुन्या रंगाचे पापुद्रे तसेच ठेवले तर जास्तच आवडतात. ब्लेड मात्र तो स्वस्तातलं स्वस्त आणायचा. एके दिवशी ते फळीतल्या लोखंडी खिळ्यावर गेलं, एक दात निखळला आणि मुआजच्या भुवईत शिरला. टाके घालताना डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली असता तर डोळा गेला असता.

फिरोजानं ते दुसऱ्या कुणाबद्दलचं असावं तसं ऐकलं. रडली नाही, ओरडली नाही. करमअलीला फोनवर सगळं ठीक म्हणाली. तेव्हापासून तिला कशाचंच काही वाटेनासं झालं. धुतलेले तांदूळ पुन्हा धुवायची. चहा आटून भांडं करपायचं आणि ती समोरच उभी असायची.

टाके निघाले तसा मुआज नवं ब्लेड आणायला माणगावला निघाला. तिनं चपला घातल्या. "मीपण येते," एवढंच म्हणाली.

हार्डवेअरवाल्या शेठनं काउंटरवर तीन ब्लेडं मांडली. मुआजचं बोट ऐंशी दातांच्या ब्लेडवर गेलं. दात जास्त तेवढा काप गुळगुळीत, असा त्याचा हिशेब. शेठनं विचारलं, फळी उभी चिरता की आडवी कापता? उभी, मुआज म्हणाला.

"मग दात मोजून बैल घ्या, भाई. ब्लेड नका घेऊ."

उभ्या चिरीत दात दाटीचे असले तर भुसा बाहेर पडत नाही, ब्लेड तापतं, लाकूड करपतं आणि फळी उलटी अंगावर येते, हे त्यानं समजावलं. मुआजनं मग सगळ्यात स्वस्त उचललं. शेठनं ते त्याच्याच हातात फिरवून दाखवलं. मिनिटाला किती फेऱ्यांपर्यंत चालवायचं ते त्यावर छापलेलंच नव्हतं, आणि दातांचे जोड कुठे जाड, कुठे नुसते चिकटवल्यासारखे. मधलं चोवीस दातांचं होतं. किंमत थोडी जास्त, पण त्याला पुन्हा पुन्हा धार लावून मिळते. स्वस्त तेच पडेल, शेठ म्हणाला.

मुआजनं लाकूड कशाचं ते सांगितलं नव्हतं, हे फिरोजाच्या लक्षात आलं होतं.

"होडीचं लाकूड आहे," ती म्हणाली. "मागच्या ब्लेडचा दात याच्या कपाळात गेला."

शेठनं मुआजच्या भुवईकडे पाहिलं. "मग बेन, कुठलंही न्या. खिळ्यापुढे सगळी सारखीच." तरी चोवीस दातांचंच बांधलं आणि खणातून हातभर लांब लोहचुंबक काढून दिलं. आधी हे फिरवायचं, मग मशीन.

दुसऱ्या दिवशी मुआजनं भिकूकाकांच्या होडीची फळी घेतली. भिकूकाका शेजारच्या कोळीवाड्यातले. त्यांची होडी पावसाआधीच मोडीत निघाली होती. चुंबक दोन ठिकाणी चिकटलं, तिथले खिळे त्यानं उपटले. पुन्हा फिरवलं. चुंबक कुठेच अडलं नाही.

"बघ अम्मी, साफ."

त्यानं नवं ब्लेड चढवलं, मशीन लावलं. फिरोजा दाराशी उभी होती. फळी निळी होती, एका बाजूला वाक घेतलेली. म्हणजे होडीच्या नाकाची, पुढच्या टोकाची. लहानपणी नारळी पौर्णिमेला ती भिकूकाकांकडे नारळीभात खायला जायची. भात वाढायच्या आधी काका होडीच्या नाकावर भोकाचा जुना तांब्याचा पैसा ठोकायचे आणि वर रंगाचा हात फिरवायचे. दर वर्षी एक, ही त्या घराची रीत. खिळा पितळेचा, कारण लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतं.

"मुआज, बंद कर."

"चुंबकानं बघितलं की."

"पितळेला चुंबक काय करणार? बंद कर."

त्यानं बंद केलं. ती स्वयंपाकघरातली सुरी घेऊन आली. निळ्याखाली हिरवा रंग निघाला, हिरव्याखाली तांबडा, आणि मग पैसा. त्याच्या शेजारी दुसरा. मुआजनं पेन्सिलीनं ओढलेली रेघ बरोबर त्यांच्यावरून जात होती. तो खाली भुशात बसला आणि भुवईवरून बोट फिरवत राहिला. आता तरी रडू येईल असं फिरोजाला वाटलं. आलं नाही. ती पुढचा रंग खरवडत राहिली.

निघालेले पैसे ती पदरात बांधून भिकूकाकांच्या बायकोकडे, केसरकाकीकडे घेऊन गेली. काकीनं ते तळहातावर घेतले.

"आमचं नाकावर असतं गो. अंबाजीच्या होडीचं मागं हाय, सुकाणूकडं. इचारून घेत जा. सगल्यांची रीत एक न्हाय."

तेव्हापासून मुआज फळी घ्यायला गेला की फिरोजा त्या घरच्या बाईपाशी बसते. तुमच्यात कुठे ठोकतात, विचारते. बायका हसतात, पण सांगतात. घरी येऊन ती तिथला रंग काढते, आणि मग उरलेला सगळाच काढते. मुआज एकदा कुरकुरला, की रंगाचेच तर पैसे मिळतात. तिनं सुरी थांबवली नाही. आता तो टेबलं बिनरंगाची विकतो.

खूण करून झाली की ती चुलीपाशी येते. आधण उकळत असतं, तांदूळ धुतलेले असतात. शेडमध्ये ब्लेड लाकडात शिरतं. आवाज चढतो, एकसारखा राहतो. ती तांदळाची रोवळी हातात धरून उभी असते. आवाज उतरतो, मशीन थांबतं, आणि भुशानं मुआजला खोकला येतो.

खोकला ऐकला की ती तांदूळ वैरते.